घरावरून जाणारी विमाने



आमच्या घरात बोलता बोलता मध्येच थांबण्याची सवय सर्वांना आहे. वाक्य अर्ध्यावर आले असता डोक्यावरून विमान जाते आणि ते पुढे सरकेपर्यंत बोलणारा गप्प राहतो. ऐकणाराही त्याच्याकडे पाहत वाट बघतो. आवाज विरला की वाक्य जिथे थांबले होते तिथून पुढे सुरू होते. नव्या पाहुण्याला हे चमत्कारिक वाटते. आम्ही घाटकोपर पश्चिमेला गेली तीस वर्षे राहतो आणि आम्हाला त्यात काही विशेष वाटत नाही.

यामागचे कारण भूगोलाचे आहे. मुंबई विमानतळाच्या मुख्य धावपट्टीवर पूर्वेकडून उतरणारी विमाने खाडी ओलांडून घाटकोपरवरून जातात. या दिशेने धावपट्टीला 27 हा क्रमांक आहे, कारण विमानाचे नाक तेव्हा होकायंत्राच्या सुमारे 270 अंशांवर, म्हणजे थेट पश्चिमेकडे असते. उतरताना विमान साधारण 3 अंशांचा उतार धरते. 100 मीटर पुढे जाताना ते सुमारे 5 मीटर खाली येते. धावपट्टीचे टोक आमच्या स्टेशनपासून सरळ रेषेत तीनेक किलोमीटरवर आहे. हिशेब केला तर विमान आमच्या डोक्यावरून अवघ्या 500-600 फुटांवरून जाते, चाके बाहेर काढून, खिडक्या मोजता येतील इतक्या जवळून.

हा हिशेब मला माझ्या मुलीने शिकवला. तेव्हा ती अकरावीत होती. लहानपणी ती शेपटीवरच्या रंगांवरून कंपन्या ओळखायची. पुढे इंजिनाच्या आवाजावरून विमानाची जात सांगू लागली. हे वेड वयाबरोबर जाईल, असे मी धरून चाललो होतो. ते गेले नाही. बारावीचा निकाल 30 मे 2018 रोजी लागला आणि त्याच संध्याकाळी पेढ्याचा पुडा उघडायच्या आधी ती म्हणाली, “बाबा, मला वैमानिक व्हायचं आहे.”

हा निबंध त्यानंतरच्या दोन महिन्यांविषयी आहे. तुमच्यापैकी बहुतेकांनी नोकरी, संसार, शेती सांभाळून पुन्हा पुस्तके हाती घेतली आहेत. मीही त्याच वाटेने आलो. पदवीची परीक्षा दिली तेव्हा माझे वय एक्केचाळीस होते. म्हणून एखादा निर्णय घेणे म्हणजे काय असते, हे तुम्हाला मी सांगावे असे नाही. परंतु त्या दोन महिन्यांत मी एक चूक केली. तिच्याविषयी मी आजवर फारसे बोललो नाही. ती तुमच्यापुढे मांडावीशी वाटते.

प्रारंभी आम्ही माहिती गोळा केली. वैमानिक होण्यासाठी पदवी लागत नाही, हे ऐकून माझी पत्नी चकित झाली. भौतिकशास्त्र आणि गणित घेऊन बारावी झालेली व्यक्ती वयाची अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर व्यावसायिक वैमानिकाचा परवाना मिळवू शकते. ज्यांनी वाणिज्य किंवा कला शाखा घेतली, तेही राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून हे दोन विषय देऊन या वाटेला लागल्याची उदाहरणे आहेत. परवान्यासाठी 200 तासांचे उड्डाण करावे लागते. त्यातले निम्मे तास विमानाची सूत्रे स्वतःच्या हाती घेऊन उडायचे असते. दिशादर्शन, हवामानशास्त्र, हवाई नियम, विमानाची तांत्रिक माहिती अशा लेखी परीक्षा असतात आणि त्यांत उत्तीर्ण होण्यासाठी 70 टक्के गुण लागतात. रेडिओवरून बोलण्याचा परवाना निराळा. वैद्यकीय तपासणी दोन टप्प्यांची. मुलीला चष्मा होता; “चष्मेवाल्याला कोण विमान देणार?” असे आमच्या इमारतीतल्या चौघांनी तरी सांगितले. तेही खरे नव्हते. चष्म्याने दृष्टी पूर्ण सुधारत असेल तर नागरी वैमानिकाला तो चालतो. ती डॉक्टरांकडे जाऊन पहिल्या टप्प्याची तपासणी करून आली आणि त्या कागदाची घडी पडू नये म्हणून तिने तो प्लास्टिकच्या पाकिटात ठेवला.

मुलगी म्हणून कोणी अडवले का, असे तुम्ही विचाराल. आमच्या घरात तसे झाले नाही. 1985 साली नोव्हेंबर महिन्यात कॅप्टन सौदामिनी देशमुख आणि निवेदिता भसीन यांनी कोलकात्याहून सिल्चरला फोकर विमान नेले. सर्व कर्मचारी स्त्रियाच असलेले ते आपल्या देशातले पहिले उड्डाण. एक मराठी नाव त्या विमानाच्या कप्तानपदी आहे, याचा मला त्या वयात फार अभिमान वाटला होता. आज तर वैमानिकांमधले स्त्रियांचे प्रमाण भारतात 12 टक्क्यांहून अधिक आहे आणि ते जगाच्या सरासरीच्या दुप्पट आहे. तेव्हा प्रश्न मुलगी असण्याचा नव्हता.

प्रश्न पैशांचा होता. त्या वेळी संपूर्ण प्रशिक्षणाचा खर्च 40 लाखांच्या आसपास जात होता. परवाना मिळाल्यावर विशिष्ट जातीचे मोठे विमान चालवण्याचे शिक्षण घ्यायचे, तर आणखी काही लाख. साडेसात लाखांवरच्या शैक्षणिक कर्जाला बँक तारण मागते. आमच्याजवळ तारण म्हणून एकच गोष्ट होती, ती म्हणजे हे घर. माझ्या वडिलांनी गिरणीतून निवृत्त होताना मिळालेले पैसे आणि पाटणकडची थोडी जमीन विकून आलेली रक्कम घालून ते घेतले होते. 40 लाखांचे कर्ज पंधरा वर्षांत फेडायचे तर महिन्याचा हप्ता 45,000 रुपयांहून अधिक पडत होता. माझ्या हातात पगाराचे 48,000 येत होते. धाकटा मुलगा नववीत होता. आई आमच्याजवळ होती आणि तिची औषधे सुरू होती.

हे आकडे मी मुलीला सांगितले नाहीत. माझी चूक इथून सुरू झाली. “बघू”, “चौकशी चालू आहे”, “बँकेतले साहेब रजेवर आहेत” अशा वाक्यांवर मी तीन आठवडे काढले. बाप मुलीला पैशांचे कारण सांगत नाही, अशी माझी काहीतरी समजूत होती. ती प्रेमातून आली होती की अहंकारातून, हे मला आजही नीट सांगता येत नाही.

मग 28 जून उजाडला. गुरुवार होता आणि सकाळपासून पाऊस होता. मुलगी महाविद्यालयाच्या प्रवेशाचे कागद झेरॉक्स करायला लाल बहादूर शास्त्री मार्गाकडे गेली होती. मी फोर्टमध्ये कचेरीत होतो. दुपारी सव्वाच्या सुमारास पत्नीचा फोन आला. विमानांच्या आवाजाला सरावलेल्या तिच्या कानांना एक आवाज वेगळा वाटला होता. पाठोपाठ खालून ओरडा ऐकू आला. आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर, जीवदया लेनमध्ये, बांधकाम चालू असलेल्या एका इमारतीपाशी विमान कोसळले होते. आणि मुलीचा फोन लागत नव्हता.

तो फोन चाळीस मिनिटांनी लागला. त्या चाळीस मिनिटांविषयी मी काही लिहू शकत नाही. ती सुखरूप होती. तिने धूर पाहिला होता आणि पळणाऱ्या माणसांच्या उलट दिशेला जाता न आल्यामुळे ती एका दुकानाच्या पायरीवर उभी राहिली होती. तिच्या हातातल्या पिशवीत झेरॉक्स केलेले कागद कोरडे होते, एवढे मात्र पत्नीने मला दोनदा सांगितले.

ते विमान प्रवासी कंपनीचे नव्हते. बारा आसनांच्या आतले ते एक छोटे किंग एअर जातीचे विमान होते आणि दुरुस्तीनंतरच्या चाचणी उड्डाणासाठी ते जुहूहून निघाले होते. जुहूचा हा विमानतळ आपल्या हवाई इतिहासात मानाचा आहे. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे इथेच उतरले होते. त्या दुपारी विमानातले चौघे गेले. दोन वैमानिक आणि देखभालीचे दोन कर्मचारी. चौघांपैकी दोघी स्त्रिया होत्या; एक सहवैमानिक आणि एक अभियंता. रस्त्यावरून चाललेला एक पादचारीही गेला. इमारतीवरचे बरेच मजूर त्या वेळी जेवायला गेले होते, म्हणून वाचले.

संध्याकाळी मी घरी पोहोचलो तेव्हा मुलगी गॅलरीत उभी होती. वरून विमाने नेहमीसारखी जात होती, एकामागून एक, दोन-तीन मिनिटांच्या अंतराने. ती एकेकाकडे मान वर करून पाहत होती. मी तिच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. आम्ही बोललो नाही.

तिसऱ्या दिवशी मी बोललो. “आता तरी हा विषय संपव,” मी म्हणालो. “डोळ्यांदेखत घडलं आहे. मी बाप आहे. मी तुला त्या यंत्रात बसू देणार नाही.” माझा आवाज चढला होता. आई देवघरापुढून उठून आली. पत्नीने खिडकी लावून घेतली.

मुलीने मला बोलू दिले. मग ती म्हणाली, “बाबा, त्या दिवशी रस्त्यानं चालणारा माणूसही गेला. मग आपण रस्त्यानं चालायचं सोडलं का? तुम्ही काल त्याच रस्त्यानं भाजी घेऊन आलात.”

मी उत्तर दिले नाही. तेवढ्यात डोक्यावरून विमान गेले आणि सवयीने आम्ही सगळे थांबलो. ते गेल्यावर ती हळू आवाजात म्हणाली, “तुम्हाला भीती वाटते हे मला समजतं. पण ती याची नाही. तुम्ही त्या दुपारच्या मागे लपता आहात.”

त्या रात्री मला झोप लागली नाही. तिचे म्हणणे खरे होते. पाच माणसांच्या मृत्यूने मला एक सोय करून दिली होती. जे कारण सांगायला मला लाज वाटत होती, ते झाकायला एक मोठे, कोणालाही खोडता न येणारे कारण माझ्या हाती आपसूक आले होते, आणि मी ते वापरले होते. ज्यांच्या घरी खरोखर माणूस परतला नाही, त्यांच्या दुःखाचा मी माझ्या हिशेबात उपयोग केला होता. मला भीती वाटत नव्हती असे नाही. त्या चाळीस मिनिटांनी ती माझ्या अंगात कायमची घातली आहे. परंतु निर्णयाच्या मुळाशी ती नव्हती. मुळाशी 45,000 रुपयांचा हप्ता होता.

सकाळी मी पासबुक, पगाराची पावती आणि घराची कागदपत्रे तिच्यापुढे ठेवली. ही गोष्ट मी जन्मात कोणापुढे केली नव्हती. ती बराच वेळ आकडे पाहत राहिली. मग तिने वहीचे मधले जोडपान फाडले, मध्ये रेघ मारली आणि एका बाजूला ‘ठाऊक आहे’ आणि दुसऱ्या बाजूला ‘ठाऊक नाही’ असे मथळे लिहिले. पुढचे चार आठवडे ते पान आमच्या जेवणाच्या टेबलावर, पाण्याच्या जगाखाली, पडून होते. ज्याला जे सुचेल ते तो लिहीत असे. धाकट्याने ‘ठाऊक नाही’खाली लिहिले, ‘ताईला उंच पाळण्यात भीती वाटते, विमानात वाटेल का?’ आईला लिहिता येत नव्हते. तिने सांगून लिहवून घेतले, ‘घर गेलं तर कुठं जायचं?’

त्या पानावरचे एक ‘ठाऊक नाही’ पुसण्यासाठी आम्ही दोघे एसटीने एका उड्डाण प्रशिक्षण संस्थेत जाऊन आलो. धावपट्टीच्या कडेला शेडमध्ये गणवेशातली मुले-मुली खुर्च्यांवर बसून होती. कोणाचे विमान दुरुस्तीला होते, कोणाचा प्रशिक्षक नव्हता, कोणासाठी ढग फार खाली होते. एक मुलगी अठरा महिन्यांत पूर्ण होणाऱ्या अभ्यासक्रमाच्या तिसऱ्या वर्षात होती. एक वयस्क प्रशिक्षक आमच्याशी जिव्हाळ्याने बोलले. “इथं उडणं थोडं आणि थांबणं फार,” ते म्हणाले. “ज्याला थांबता येतं त्यानंच यावं. आणि थांबण्याचेही पैसे लागतात, हे घरी सांगून यावं.” नंतर त्यांनी मुलीला उभ्या असलेल्या एका छोट्या विमानात पाच मिनिटे बसू दिले. विमान जागचे हलले नाही. ती उतरली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे होते, ते पाहून मी मान फिरवली. घर गहाण टाकावे, असे मला त्या एका क्षणी अगदी मनापासून वाटले.

जुलैच्या अखेरीस तिने निर्णय सांगितला. ती भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्‌सी. करणार होती. पदवी झाल्यावर दोन दारे उघडी राहतील, असे तिचे म्हणणे होते. एक, पैशांची सोय झालीच तर वैमानिकाचे. दुसरे, हवाई वाहतूक नियंत्रकाचे, म्हणजे विमानांना उतरण्याची-उडण्याची परवानगी देणाऱ्या माणसाचे. भारतीय विमानतळ प्राधिकरण त्यासाठी परीक्षा घेते. भौतिकशास्त्र आणि गणित घेतलेला विज्ञान पदवीधर तिला बसू शकतो, आणि निवड झाल्यावर प्रशिक्षणासाठी घर गहाण टाकावे लागत नाही. तिने हे शांतपणे सांगितले. पान तिने घडी करून वैद्यकीय प्रमाणपत्राच्या पाकिटात ठेवले.

पुढे काय झाले ते थोडक्यात सांगतो. 17 एप्रिल 2019 च्या रात्री जेट एअरवेजने आपले शेवटचे उड्डाण केले आणि अनुभवी वैमानिकसुद्धा घरी बसले. मार्च 2020 च्या अखेरीस टाळेबंदीत प्रवासी विमाने थांबली. दोन महिने आमच्या घरातली वाक्ये मध्येच तुटली नाहीत, त्या शांततेत आई बेचैन व्हायची आणि “आज विमानं नाहीत का रे?” असे रोज विचारायची. नातेवाईक फोनवर म्हणायचे, “बघा, वाचलात. घर गेलं असतं.” मीही त्या वेळी मनात ‘वाचलो’ म्हणालो, हे कबूल करतो.

परंतु 2023 साली एअर इंडियाने 470 आणि इंडिगोने 500 नव्या विमानांची मागणी नोंदवली. वैमानिक कमी पडणार, अशा बातम्या येऊ लागल्या. तेच नातेवाईक म्हणाले, “त्या वेळी धाडस करायला हवं होतं.” तेव्हा माझ्या लक्षात आले की, निर्णय बरोबर की चूक हे पुढच्या बातमीवरून ठरवायचे म्हटले तर ते दर दोन वर्षांनी बदलत राहील. 2018 च्या जुलैमध्ये 2020 कोणाला दिसत नव्हते आणि 2023 ही दिसत नव्हते. दिसत होते ते एवढेच, की टेबलावर काय मांडले आहे आणि काय लपवले आहे. आमच्या टेबलावर पहिल्या महिन्यात काहीच मांडलेले नव्हते. दुसऱ्या महिन्यात सगळे मांडलेले होते. मी ज्याची लाज बाळगत होतो ते आकडे समोर आल्यावर मुलगी लहान झाली नाही, मोठी झाली.

आज ती मुंबईपासून दूर एका विमानतळाच्या मनोऱ्यात बसते. कानाला यंत्र लावून ती वैमानिकांशी बोलते. वारा कुठून आहे, धावपट्टी मोकळी आहे की नाही, आधी कोणी उतरायचे आणि मागे कोणी थांबायचे, हे सांगते. “आज पावसात अकरा उतरवली,” असे ती कधी फोनवर सांगते, जणू अकरा भाकऱ्या उतरवल्या. तिचे चांगले चालले आहे. हा निबंध इथे संपवता आला असता, तर तो अधिक सुखाचा झाला असता.

गेल्या दिवाळीत ती चार दिवस आली होती. लक्ष्मीपूजनाच्या रात्री आम्ही गॅलरीत बसलो होतो. फटाक्यांच्या धुरातून दिवे लावलेली विमाने खाली येत होती. अनेक वर्षे मनात धरून ठेवलेला प्रश्न मी तिला विचारला. “तू थांबलीस, की मी तुला थांबवलं?”

नेमके त्याच वेळी विमान आले. ती गप्प राहिली. ते पुढे सरकले, असल्फाच्या डोंगराआड गेले, आवाज विरला. मग ती म्हणाली, “तुम्ही नुसतं ‘नाही’ म्हणाला असता, तर मी भांडून गेले असते, बाबा. तुम्ही आकडे दाखवलेत, म्हणून मला मोजता आलं. मी मोजलं आणि मी थांबले.”

“वाईट वाटतं?”

“वाटतं,” ती म्हणाली. “पहिल्यांदा एकट्यानं उडणारं कुणी रेडिओवर बोलतं, तेव्हा जास्त वाटतं. त्यांचा आवाज कापत असतो. मी त्यांना सावकाश बोलून खाली आणते.”

यावर मी काही बोललो नाही. वैद्यकीय प्रमाणपत्राचे ते पाकीट अजून कपाटात आहे. प्रमाणपत्राची मुदत केव्हाच संपली. पगारातून ती दर महिन्याला काही रक्कम बाजूला टाकते, असे मला पत्नीकडून कळले. कशासाठी, ते मी विचारलेले नाही. तिला सांगावेसे वाटेल तेव्हा ती सांगेल, आणि त्या वेळी मी ‘बघू’ म्हणणार नाही.

मित्रहो, तुमच्याही घरी एखाद्या संध्याकाळी कोणीतरी असेच एक वाक्य बोलेल. कदाचित ते तुम्हीच बोलला असाल आणि समोरचा ‘बघू’ म्हणाला असेल. अशा वेळी ‘हो’ म्हणावे की ‘नाही’, हे कोणताही निबंध सांगू शकत नाही. पासबुक मात्र पहिल्याच दिवशी टेबलावर ठेवा. मी ते एक महिना उशिरा ठेवले, आणि त्या महिन्यात माझ्या तोंडून जे निघाले ते मला अजून ऐकू येते, वरून विमान जात असतानाही.